माणूस बघून वारा

मित्सुबिशी इलेक्ट्रिकच्या काही एसींना डोळा असतो. हा इन्फ्रारेड सेन्सर अंगाची उष्णता हेरतो, खोलीत माणूस नेमका कुठे बसलाय ते ताडतो आणि झोत तिकडे वळवतो. वारा सोसत नसेल त्याला तो चुकवायचीही सोय आहे. खोली रिकामी झाली की यंत्र आपणहून वीज वाचवू लागतं.

सरकारी कचेऱ्यांत हा सेन्सर गोंधळेल. तिथे वारा माणसाकडे नाही, हुद्द्याकडे वाहतो. साहेब दौऱ्यावर, केबिन गारेगार; बाहेर कारकून फायलीने वारा घेतोय!

भारतात २०२० पासून स्टार-लेबल एसी सुरू होतानाच २४ अंशांवर असावा, असा नियम आहे. रिमोट हाती येताच तो आकडा १८ वर जातो आणि मग घरभर शाल शोधली जाते.