जनावरांचा स्पेशालिस्ट होऊ इच्छिणाऱ्यांस सूचना

अमेरिकेत कुत्र्यामांजरांचा हृदयरोगतज्ज्ञ होण्याची तयारी कधी सुरू करावी, असं जो विचारतो त्याला उशीर झालेला असतो. तरी विचारलंच आहे, तर ऐका.

आधी हिशेब. कॉलेजची साधारण ४ वर्षं, पशुवैद्यकाची ४, मग सगळ्या विभागांतून फिरवणारी १ वर्षाची इंटर्नशिप, बऱ्याचदा तिच्या डोक्यावर हव्या त्या विषयाची आणखी एक, आणि त्यानंतर ३ वर्षांची रेसिडेन्सी. बोर्डाची परीक्षा वेगळी. ज्या लाडक्या कुत्र्यामुळे हे वेड डोक्यात शिरलं, त्याला तुमच्या विद्येचा लाभ मिळणं अवघड. प्रेरणेसाठी शक्यतो कासव निवडावं.

इंटर्नशिप काय, रेसिडेन्सी काय, बहुतेक अर्ज 'व्हीआयआरएमपी' या एकाच खिडकीतून जातात. खरी गंमत तिच्या वेळापत्रकात आहे. इंटर्न जूनच्या सुमारास रुजू होतो. औषधांचं कपाट आणि कॉफीचं यंत्र यांतला फरक कळेपर्यंत पावसाळा सरतो आणि हिवाळ्यात पुढच्या वर्षाचा अर्ज भरायचा असतो. म्हणजे शिफारसपत्र लिहिणाऱ्याने तुम्हाला जेमतेम सहा महिने पाहिलेलं असतं, तेही बहुतांशी रात्रपाळीत, आंबलेल्या चेहऱ्याने. म्हणून शहाणी मुलं महाविद्यालयाच्या दुसऱ्या वर्षापासूनच एखाद्या प्राध्यापकाच्या आसपास दिसू लागतात. फार दिसू नये, संशय येतो.

शिफारस कुणाची घ्यावी? नवखे लोक विभागातल्या सर्वांत मोठ्या नावाकडे धावतात. त्या मोठ्या नावाला तुमचं नाव आठवत नसतं, आणि ते पत्रात लपत नाही. त्यापेक्षा पोटाला पीळ पडलेला ग्रेट डेन पहाटे तीनला आला, तेव्हा तुमच्यासोबत टेबलापाशी जो उभा होता त्याला गाठा. विनंती ऑक्टोबरमध्येच करा. डिसेंबरात त्याच्याकडे तुमच्यासारखे आणखी पुष्कळ जण रांगेत असतात.

अर्जासोबत स्वतःबद्दल चार शब्द लिहावे लागतात. 'लहानपणापासून मला मुक्या प्राण्यांची आवड' या वाक्याने सुरुवात करू नये. निवड समितीतल्या प्रत्येकाला ती आहे. एखादी केस बिघडली तेव्हा तुम्ही काय केलंत, हे लिहा. शोधनिबंध छापून आलेला असल्यास उत्तम. नसल्यास आता सुरुवात केली तरी यंदाच्या अर्जाआधी तो छापून येण्याचा योग नाही.

परळ किंवा परभणीहून पदवी घेऊन जाणाऱ्यांनी यात आणखी काही वर्षं मिळवावीत. परळचं महाविद्यालय १८८६ पासून जनावरांचे डॉक्टर घडवत आलंय, पण तिकडे ती पदवी आपोआप चालत नाही. परवान्यासाठी एक रूढ वाट 'ईसीएफव्हीजी'ची आहे. इंग्रजीचा पुरावा, लेखी परीक्षा, आणि मग तीन दिवसांची प्रात्यक्षिक परीक्षा. तिच्यात भूल, शस्त्रक्रिया, क्ष-किरण, घोडा, गाय, शवविच्छेदन, सगळं येतं. तुम्हाला फक्त मांजराच्या डोळ्यांत रस आहे, हे परीक्षकाला सांगून उपयोग नाही.

आता पसंतीक्रम. उमेदवार रुग्णालयांची यादी लावतो, रुग्णालयं उमेदवारांची, आणि संगणक जोड्या जुळवतो. हे आपल्या स्थळं बघण्यासारखं वाटत असेल, तर त्याला गणिती आधार आहे. डेव्हिड गेल आणि लॉइड शॅपली यांनी १९६२ साली अशा जुळवणीवर जो प्रसिद्ध निबंध लिहिला, त्याच्या शीर्षकातच महाविद्यालयीन प्रवेश आणि विवाहाचं स्थैर्य शेजारी शेजारी बसलेत. शॅपली यांना पुढे २०१२ मध्ये अर्थशास्त्राचं नोबेलही मिळालं. आपल्याकडच्या मध्यस्थांना अजून नाही. समोरून होकार येईल का, याचा अंदाज बांधून क्रम लावू नका. जिथे खरंच जायचंय तेच वर ठेवा. आणि जिथे जायचंच नाही ते नाव 'असू दे' म्हणून तळाला टाकू नका, कारण जुळलं की बांधील. 'मुलाला गाव पसंत नाही' हे तिथे चालत नाही.

निकाल मार्चच्या सुरुवातीला लागतो. त्या दिवशी रजा मागू नये, ड्यूटी बदलून घेणं बरं. जुळलं नाही तर रिकाम्या राहिलेल्या जागांची यादी निघते. फोन चार्ज केलेला असावा, अर्जाची प्रत हाताशी असावी, आणि ज्या डॉक्टरांनी शिफारस दिली होती, त्यांना त्याच संध्याकाळी पुढच्या वर्षासाठी विचारून ठेवावं.