लेव्हलबापू

तुमसर असो, पवनी असो की साकोली, घरापुढे फरशीच्या पेट्या उतरल्या की दुसऱ्या दिवशी सकाळी लेव्हलबापू हजर. बोलावणं लागत नाही. बापू मिस्त्री नाहीत, ठेकेदार नाहीत. कुठल्याशा खात्यातून कारकून म्हणून निवृत्त झालेत. पात्रता एवढीच की त्यांनी एकदा स्वतःच्या घराला फरशी बसवली. आपल्याकडे ज्यानं एकदा फरशी बसवली, तो उरलेलं आयुष्य दुसऱ्यांच्या घरी बसवत असतो.

बापूंच्या खिशात एक कंचा आणि एक जुनं, जाड रुपयाचं नाणं असतं. कंचा ते खोलीच्या मधोमध ठेवतात. तो मोरीकडे निघाला तर मान डोलते. देवघराकडे निघाला तर म्हणतात, "झालं! आता सून न्हायली की देवाची आंघोळ आपोआप." मग उकिडवे बसून नाण्यानं प्रत्येक फरशीचे चारही कोपरे वाजवतात. ठक्क आवाज आला तर पुढे. ढब्ब आला की मिस्त्रीकडे पाहतात. "याच्या पोटात मसाला नाही गेला ना बा! सिलिंडर आपटला तं कोपरा उडन." मिस्त्री म्हणतो, "बापू, तुम्ही बसवता का मी बसवू?" बापूंना यात अपमान दिसत नाही. ते खरंच विचार करू लागतात. तोवर मिस्त्रीनं फरशी उचललेली असते.

घराचं वय पाहून बापूंचा सूर बदलतो. पवनीच्या एखाद्या जुन्या मातीच्या घरात पोरगा सारवलेल्या भुईवर चकचकीत व्हिट्रिफाइड टाकायला निघाला, की बापू सपरीतच त्याला अडवतात. "भुईतली ओल वर येऊन वाळते. तू वरून झाकण ठोकलं, तं ते जाईन कुठी? भिंतीत चढन." पुढल्या पावसाळ्यात भिंतीचे पोपडे निघतात, तेव्हा बापू मुद्दाम भेटायला येतात.

वडिलांच्या पिढीतल्या शहाबादी फरशीच्या घरात त्यांना वेगळं दुःख होतं. भंडारा पितळेच्या भांड्यांचं गाव. भांडी चिंचेनं घासायची आणि चिंचेचं पाणी फरशीवर वाहू द्यायचं, ही इथली जुनी रीत. शहाबादी, कोटा, संगमरवर हे सगळे चुन्याचे दगड. आंबट लागलं की त्यांची चकाकी जाते. घरोघरी पाण्याचे पितळी गुंड चमकले आणि फरश्या मळक्या झाल्या, हा बापूंचा इतिहासाचा अभ्यास. त्याच फरशीवर नवी फरशी चढवणाऱ्याला ते एकच प्रश्न विचारतात, "दरवाजे मोजले का?" कोणीच मोजलेले नसतात. जुनीवर नवी बसली की जमीन वर येते, दार फरशीला घासतं, आणि सुताराची मजुरी हिशेबात धरलेली नसते.

स्लॅबच्या नव्या घरात बापू सगळ्यात निर्दयी होतात. "भराव कधी टाकला?" "मागच्या महिन्यात." "पाणी मारलं? धुरमुस केला?" उत्तर ऐकण्याआधीच ते चप्पल घालतात. मुरूम नीट न दाबता वर फरशी बसवली, तर भराव पावसाळ्यात खाली बसतो आणि फरशी अधांतरी राहते. पण वास्तूचा मुहूर्त निघालेला असतो, आणि मुरूम पंचांग पाहत नाही.

त्यांचा खरा पराक्रम नागपूरच्या शोरूममध्ये. वहिनींना दिव्याखाली मोरबीची आरशासारखी टाइल आवडलेली असते. बापू ती उचलतात, बाहेर उन्हात आणतात, बाटलीतलं पाणी ओततात आणि चप्पल काढून वर उभे राहतात. सेल्समन घाबरतो. बापू विचारतात, "रोवणीच्या दिवसांत चिखलाच्या पायानं घरात कोण येते?" वहिनी गप्प. दहा बाय बाराच्या खोलीला दोन बाय दोनच्या 30 फरश्या लागतात. फुटतुटीच्या 3 धरून बापू चारच्या 9 पेट्या घ्यायला लावतात. उरलेल्या पलंगाखाली. कारण दोन वर्षांनी एक फुटली, तर त्या रंगाची दुसरी भारतात कुठंही मिळत नाही.

बापूंचा त्रास आहे. ते तीनदा चहा घेतात, मिस्त्रीची मजुरी शेजाऱ्याला सांगतात आणि घरधन्याची झोप उडवतात. तरीही माझं मत विचाराल तर त्यांना बोलवाच. फक्त फरशी बसल्यावर नको. तेव्हा ते नुसता कंचा सोडून हळहळतात. भराव टाकायच्या दिवशी बोलवा. त्या दिवशी त्यांचं ऐकलं, की पुढे चहाचाच खर्च.