थालरची कड

जर्मन नाणेविक्रेत्यांनी थालरची, म्हणजे त्या जुन्या मोठ्या चांदीच्या नाण्याची, कड दाखवावी, एवढीच माझी मागणी आहे. पुढची बाजू दाखवतात, मागची दाखवतात. फोटो एवढे मोठे की सम्राटाच्या दाढीचे केस मोजून घ्यावेत. कड मात्र कुणी दाखवत नाही.

आणि खरी भानगड कडेलाच असते. आउग्सबुर्ग शहराचा १६४१चा थालर घ्या. एकीकडे सम्राट तिसरा फर्डिनांड, दुसरीकडे मनोऱ्यांनी भरलेलं शहर आणि शहराचं चिन्ह असलेला पाइनचा शंकू. इतकं देखणं नाणं लोकांनी कडी डाकून गळ्यात घातलं. त्याला माझी हरकत नाही. पुतळ्यांची माळ आपल्याकडेही आहे. हरकत आहे ती पुढे कडी उपटून, ती जागा कानशीने घासून नाणं ‘उत्तम’ म्हणून विकणाऱ्यांना. हातात घेऊन तिरपं धरलं की वरच्या बाजूला डाकाचा करडा ठिपका दिसतो, शेजारचं अक्षर पुसट झालेलं असतं. पैसे तोवर गेलेले असतात.

वजनाचंही तेच. १५६६च्या आउग्सबुर्गच्या फर्मानानुसार कोलोनच्या एक मार्क वजनाच्या चांदीतून आठ थालर पाडायचे, म्हणजे एक साधारण २९.२ ग्रॅमचा. १६१९ ते १६२३ या काळात टांकसाळींनी तांबं मिसळून हलकी नाणी बाजारात ओतली, तेव्हा चांगली नाणी निवडायला लोकांच्या हातात तराजू आला. आज स्वयंपाकघरातसुद्धा डिजिटल काटा असतो, तरी वजन विचारलं की उत्तरादाखल पुन्हा त्याच दोन बाजूंचे फोटो येतात.

उलट टांकसाळीनेच ठसा मारण्याआधी जास्तीची चांदी कानशीने उतरवली असेल, तर त्या रेघांना ‘ओरखडे’ म्हणतात. त्या ओरखडे नाहीत. ठशाखाली दबून त्या बऱ्याच बुजतात; उरल्या तर बहुधा चित्राच्या उंच भागात. नंतरचा ओरखडा चित्रावरूनच जातो. धंदा करणाऱ्याला एवढं कळायला हवं.

सगळ्यात संताप येतो घासण्याचा. चिंचेने समई लखलखीत करावी तसं पावणेचारशे वर्षांहून जुनं नाणं घासतात आणि वर्णनात ‘चमकदार’ लिहितात. पिढ्यान्‌पिढ्या चढलेली निळसर-करडी झाक एका दुपारी जाते, शहराच्या तटबंदीच्या बारीक रेघा बोथट होतात. मग कुणीतरी रसायनाने ती झाक पुन्हा चढवतो आणि त्याचे वेगळे पैसे लावतो.