अस्सल डुप्लिकेट

अक्षयकुमारने अंडरटेकरला उचलून आपटलं, ही गोष्ट १९९६ साली आमच्या वर्गात इतिहासाच्या कुठल्याही धड्यापेक्षा खरी होती. ‘खिलाडियों का खिलाडी’ हा सिनेमा पाहून आलेल्या पोरांनी ती आईची शपथ घेऊन सांगितली होती. पुढे कधीतरी कळलं, की तो अंडरटेकर नव्हताच. ब्रायन ली नावाचा दुसराच पैलवान होता. अक्षयकुमारने स्वतः २०२१ मध्ये हे जाहीर सांगून टाकलं. पंचवीस वर्षं उशिरा. तोवर आमच्यातले अर्धे त्या शपथेसकट संसाराला लागले होते.

पण खरी मेख पुढेच आहे. हाच ब्रायन ली १९९४ च्या समरस्लॅममध्ये, खुद्द अमेरिकेत, नकली अंडरटेकर म्हणून उतरला होता. खऱ्याची, म्हणजे मार्क कॅलवेची, पाठ धरली होती. मग त्याला विश्रांती कशी द्यायची? जानेवारीतल्या लढतीत योकोझुना नावाच्या पैलवानाच्या मदतीला दहा जण धावले, सगळ्यांनी मिळून याला शवपेटीत कोंबलं आणि मग तो मोठ्या पडद्यावर वर वर जाताना दाखवला. आमच्याकडे वैद्यकीय रजेला डॉक्टरचा दाखला लागतो, तिकडे थेट स्वर्गवास. मधल्या काळात डुप्लिकेट आला, ऑगस्टमध्ये खरा परतला आणि त्याने डुप्लिकेटला गाडलं. तेव्हा आमच्या सिनेमावाल्यांना नावं ठेवू नका. त्यांनी नकली माणूस आणला खरा, पण अमेरिकेत दोन-तीन महिने अनुभव घेतलेला आणला.

आमचे आजोबा कोल्हापूरचे. शाहू महाराजांनी बांधलेल्या खासबागेत बसून निकाली कुस्त्या बघितलेला माणूस. पाठ मातीला लागेपर्यंत उठायचं नाही, आपणही आणि पैलवानानेही. केबल आली आणि एका संध्याकाळी त्यांनी पहिल्यांदा अंडरटेकर बघितला. लांब काळा कोट, हॅट, मागे घंटा वाजतेय. “ह्यो कुस्तीला आलाय का मयताला?” योकोझुनाला बघून म्हणाले, “जपानी म्हनं! जपान्याचं तोंड असलं असतंय व्हय?” आम्ही चिडलो. ते बरोबर होते. योकोझुना सॅन फ्रान्सिस्कोकडचा सामोअन होता. दहा मिनिटांनी आजोबांनी निकाल दिला, “नुरा हाय सगळी,” आणि बातम्या लावा म्हणाले.

ही नुरा असल्याची गोष्ट अमेरिकेत डब्ल्यूडब्ल्यूएफ कंपनीने स्वतः १९८९ मध्ये कबूल केली होती. न्यूजर्सीच्या सिनेटपुढे त्यांनी सांगितलं, की आमचा खेळ नव्हे, करमणूक आहे. सत्याची उबळ वगैरे काही आली नव्हती. खेळ म्हटलं की सरकारी कमिशनची देखरेख आणि कर मागे लागत होता. खरं बोलून पैसे वाचतात हे कळल्यावर माणूस किती पटकन खरं बोलतो! आम्ही मात्र त्यानंतरही कैक वर्षं त्या पैलवानांचे पत्ते पिसत होतो. रँक, हाइट, वेट, बायसेप्स, फाइट्स फॉट, फाइट्स वॉन. निकाल आधीच ठरलेल्या लढतींच्या आकडेवारीवर आम्ही मधल्या सुट्टीत खऱ्याखुऱ्या मारामाऱ्या केल्या आहेत. एका अंडरटेकरसाठी मी आठ पत्ते मोजले होते आणि वर एक आंबापोळी.

त्या कंपनीचा बिनठरवलेला असा मोठा पराभव एकच, आणि तो पांडाने केला. बोधचिन्हावर पांडा मिरवणाऱ्या वन्यजीव संस्थेने त्याच तीन अक्षरांसाठी लंडनच्या कोर्टात खेचलं आणि २००२ मध्ये डब्ल्यूडब्ल्यूएफचं डब्ल्यूडब्ल्यूई करावं लागलं. हल्क होगनला जे जमलं नाही ते बांबू खाणाऱ्या प्राण्याने केलं.

आता व्हिडिओ गेम. आमच्या घरातला खोका दिसायला थेट निन्टेन्डोच्या फॅमिकॉमसारखा, पण त्यावरचं नाव दर दुकानात वेगळं. बरोबरच्या कॅसेटवर छापलेलं असायचं, ९९९९९९९ इन १. एक कोटीला एक कमी! (तो एक का कमी, हा प्रश्न मला आजही पडतो. प्रामाणिकपणा असावा.) त्यातला पहिला गेम मारिओ, नववाही मारिओ, फक्त दुसऱ्या पातळीवरून सुरू होणारा, आणि एकोणचाळिसाव्यात तोच मारिओ नवं नाव लावून. मोजून पाचसात गेम. चालला नाही की कॅसेट काढायची, पिनांवर फुंकर मारायची आणि परत खुपसायची. त्या फुंकरीतल्या ओलाव्याने पिना गंजतात, हे कळायला आम्हाला मोठं व्हावं लागलं. ज्याने बरं वाटतं त्यानेच सडतं, हे इतरही बऱ्याच बाबतीत नंतरच कळलं.

कॉन्ट्राची कॅसेट मात्र एकाच घरी होती आणि त्या मुलाची गल्लीत आमदारासारखी वट होती. वर वर, खाली खाली, डावी उजवी, डावी उजवी, बी, ए. की तीस लाइफ! ही किल्ली कोनामीच्या काझुहिसा हाशिमोतोने बनवली, तीही कॉन्ट्रासाठी नव्हे. १९८६ मध्ये ग्रेडियस नावाचा खेळ फॅमिकॉमवर आणताना तो तपासायचा होता आणि स्वतःलाच झेपत नव्हता. म्हणून त्याने स्वतःपुरती कॉपी करायची सोय केली आणि ती खेळात तशीच राहिली. पेपर काढणाऱ्या मास्तरांनाच गाइड लागावं, असा हा प्रकार. म्हणून तर तो माणूस मला इतका जवळचा वाटतो.

आणि इंद्रजाल कॉमिक्सचा वेताळ? जंगलातल्या लोकांना वाटतं हा चारशे वर्षं जिवंत आहे. प्रत्यक्षात बाप गेला की मुलगा तोच घट्ट पोशाख चढवतो आणि गुहेत बसतो. आपण वाचायचो तो एकविसावा. म्हणजे तब्बल वीस बदली कामगार, आणि लोक म्हणतात अमर! त्याचं जंगलही बदली. मूळचं बेंगाला हे नाव बंगालची आठवण करून देईल म्हणून आपल्या आवृत्तीत डेंकाली झालं. मी शाळेच्या नकाशात डेंकाली शोधलंय, भिंगाने. सापडलं नाही तेव्हा शंका नकाशावर घेतली.

एवढं सगळं डुप्लिकेट पचवून वाढलेल्या पिढीला आता कंपन्या ‘ओरिजिनल’ विकताहेत. निन्टेन्डोने २०१६ मध्ये जुन्या खोक्याची छोटी आवृत्ती काढली. अधिकृत, परवानाधारक, सुबक. गेम किती? तीस. कंट्रोलरची तार जेमतेम अडीच फूट, म्हणजे टीव्हीच्या पायाशी मांडी घालून बसा. ९९९९९९९ वरून ३० वर यायचं, याला प्रगती म्हणतात. शिवाय अशा नव्या यंत्रांत खेळ कुठेही थांबवून तिथूनच पुढे सुरू करता येतो. मरणाची भीतीच गेली. मग कॉन्ट्रा खेळायचा तरी कशाला?

म्हणून गेल्या रविवारी माळ्यावरून जुना खोका काढला. नव्या टीव्हीला पिवळी-पांढरी पिन लावायला भोकच नव्हतं. त्यासाठी कन्व्हर्टर आणला, तो मूळ खोक्यापेक्षा महाग पडला. पण लागलं! चित्र आलं, तो कर्कश आवाज आला. मुलीला म्हटलं थांब, आता बघ, आणि गेमची बंदूक घेऊन पडद्यावरच्या बदकांवर नेम धरला. एक, दोन, तीन. एकही पडेना. बदक निघून गेलं आणि गवतातून ते कुत्रं वर येऊन फिदीफिदी हसलं. ती बंदूक गोळी मारतच नाही. घोडा दाबला की पडदा क्षणभर काळा होतो, बदकाच्या जागी पांढरा चौकोन चमकतो आणि नळीतला डोळा तो उजेड टिपतो. डबा टीव्हीवर हे त्याच क्षणी घडायचं. नव्या सपाट टीव्हीवर चित्र किंचित उशिरा येतं, तोवर बंदुकीने डोळा मिटलेला असतो.

मुलीने विचारलं, “बाबा, बंदूक डुप्लिकेट आहे का?”

मी उत्तर जुळवत होतो, तेवढ्यात आतून आईची हाक आली, “पुरे करा रे आता, पिक्चर ट्यूब जाईल!”