बेदलावाली

बेली डान्सचे वर्ग अमेरिकेत गावोगावी भरतात. आठवड्यातून एकदा बायका कम्युनिटी सेंटरच्या हॉलमध्ये जमतात, कमरेला नाण्यांचा रुमाल बांधतात, तासभर घाम गाळतात आणि घरी जाऊन झोपतात. त्यांच्यातली एक मात्र झोपत नाही, ती मणी ओवायला बसते. वर्गात हिची हजेरी जेमतेम. पण वार्षिक कार्यक्रम हिच्यावाचून उभा राहत नाही. हिला आपण बेदलावाली म्हणू. बेदला म्हणजे या नाचाचा सगळा साज : मण्यांनी मढवलेली ब्रा, तसाच कमरपट्टा आणि खाली घोळदार घागरा.

पेशाने ती कोणीही असते. दाताच्या डॉक्टरकडे हिशेब लिहिते, नाहीतर शाळेच्या ग्रंथालयात पुस्तकं लावते. नाचातलं नाव यास्मिन नाहीतर जमीला. वय पन्नाशीच्या अलीकडे-पलीकडे. नवरा शक्यतो मासेमारीचा शौकीन असावा, कारण गळाची विणलेली दोरी मणी ओवायला फार टिकाऊ. तो बिचारा रविवारी तळ्यावर जाऊन पेटी उघडतो, तेव्हा आत गळ असतो, दोरी नसते. त्याने तक्रार केली, तर ‘मासे कुठे पळून चाललेत?’ हे उत्तर तयार.

तिचं पंचांग वेगळं असतं. हॅलोविन संपला की १ नोव्हेंबरला खोटे दागिने निम्म्या किमतीत मिळतात, नाताळ संपला की २६ डिसेंबरला झाडावरच्या माळा. पडद्यांच्या दुकानात ती पडदे सोडून गोंडे बघते. कोणाकडे जेवायला गेली, तर तिची नजर टेबललॅम्पच्या झालरीवरून हलत नाही. यजमानीणबाईंनी दिवा आतल्या खोलीत हलवलेला बरा. जुन्या कपड्यांच्या दुकानात मण्यांचं काम केलेला लग्नाचा झगा सापडला, की त्या अनोळखी नवरीला मनोमन नमस्कार करून ती कात्री लावते. हे सगळं काटकसर म्हणून. कैरोहून शिवून आलेला पोशाख काहीशे डॉलरना पडतो; ते वाचवायला ती काहीशे डॉलरचे मणी घेते.

खरी गंमत ब्रा घेताना. दुकानातली मुलगी मऊ, सुखकर, अंगाला न जाणवणाऱ्या ब्रा दाखवत असते आणि ही नारळ निवडावा तसा एकेक कप बोटाने ठोकून बघत असते. कडक हवा, दाबला तर बसता कामा नये. घरी आल्यावर पट्ट्या आणि पाठ कापून टाकायची, कारण इलॅस्टिक मण्यांच्या वजनाने लोंबतं. त्या जागी न ताणली जाणारी जाड फीत आणि पँटचे दणकट हूक. कमरपट्ट्याला बक्रमचे थर, तोही सरळ कापायचा नाही. कमरेच्या गोलाईने वळवला नाही तर वरची कड अंग सोडून उभी राहते. झालर ओवताना दर थोड्या मण्यांनंतर गाठ, म्हणजे तुटलं तर चार मणी जातील, चारशे नाहीत. नळीच्या मण्यांची कड दोरा कापते, म्हणून दोन्ही टोकांना एकेक बारीक गोल मणी. घागरा शिवला की लगेच दुमडायचा नाही. शिफॉनचा उरेब भाग खाली उतरतो, म्हणून एक-दोन दिवस टांगून ठेवायचा आणि मग खालची कड समान करायची. टांगायला उंच जागा एकच, बाथरूमचं दार. त्या दिवसांत नवरा अंघोळीला शिफॉन बाजूला सारून जातो. आणि पूर्ण घेराच्या घागऱ्याची ती कड सात-एक मीटर भरते, हे तो आता झोपेतही सांगतो.

तिचा एकच शत्रू : ग्लू गन. गरम गोंदाने मणी चिकटवणाऱ्या बायकांशी ती बोलते, पण जपून. ‘उन्हाळ्यात गाडीत पट्टा विसरा,’ ती म्हणते, ‘मग बघा. पट्टा सीटवर आणि मणी खाली.’

हे सगळं किती प्राचीन, असं तिला विचारू नये. खरं म्हणजे विचारावंच, कारण तीच सगळं उलगडून सांगते. या नाचाने अमेरिकेला वेड लावलं १८९३च्या शिकागोच्या प्रदर्शनात, तेव्हा नाचणाऱ्यांची पोटं झाकलेली होती. बदिया मसाबनी यांनी १९२६मध्ये कैरोत नाचगाण्याचं थिएटर काढलं. सामिया गमाल, तहिया कारिओका या नर्तकी त्यांच्याकडेच घडल्या, आणि हा चमचमता साज अशा रंगमंचांवरचा. त्यात हॉलिवूडच्या कल्पनेतला पूर्वेचा रंगही मिसळलेला. ‘म्हणजे खोटा?’ असं कोणी म्हणालं की ती उसळते. ‘शंभर वर्षं लोक शिवताहेत, आणखी किती खरा हवा?’ सामिया गमाल यांचा १९४९चा ‘अफ्रिता हानेम’ हा चित्रपट ती वरचेवर बघते. त्याची गोष्ट मात्र तिला नीटशी सांगता येत नाही, कारण दर नाचाला ती चित्र थांबवून झालरीच्या ओळी मोजते.

सॅन फ्रान्सिस्कोच्या परिसरात या जातीला आणखी एक फांदी फुटली. जमीला सलीमपूर यांनी १९६८मध्ये तिथल्या रेनेसाँस जत्रेत आपला ‘बाल अनात’ हा ताफा नाचवला, आणि पुढे १९८७पासून कॅरोलिना नेरिचिओ यांनी ‘ट्रायबल’ शैली रुजवली. त्या शैलीत मण्यांची ब्रा मागे पडली आणि आली चक्क आपली चोळी! तिला त्या चोळीच म्हणतात. खाली पंचवीस वार कापडाचा घागरा आणि जागोजागी आरसे. आपल्याकडच्या बंजारा बायकांना हे दाखवलं, तर त्या फक्त टाके तपासतील.

चोळी घेतली, तर साडी किती दूर? म्हणूनच तिथल्या मराठी घरांत बेदलावालीचा पाय पडला, की कपाटाला आधी कुलूप लागतं. एका घरी तिने पैठणी मागितली. पदर हातात घेऊन आधी उलटा केला, मागची बाजू डोळ्यांजवळ नेली आणि बराच वेळ गप्प बसली. गृहलक्ष्मी सुखावली. एवढं तर घरातल्या सुनेनेही कधी पाहिलं नव्हतं. मग बेदलावालीने मान वर केली आणि विचारलं, ‘हा काठ सुटा होतो?’

कार्यक्रमाच्या दिवशी तिला स्वतःची तयारी करायला वेळच नसतो. तोंडात टाचण्या, मनगटावर दोऱ्याचं रीळ. कोणाचा हूक, कोणाची पट्टी. पहिल्या रांगेत बसली तरी ती नाच बघत नाही, पट्ट्याच्या बाजूच्या जोडावर लक्ष ठेवते. कोणाची टिकली रंगमंचावर पडली, तर पुढचं सगळं गाणं तिच्यापुरतं संपलं.

मग तिची पाळी. महिनोन् महिने शिवलेलं चार मिनिटांत नाचून संपतं. पण त्या चार मिनिटांत कळतं, की ही बाई एवढं का शिवते. कंबर इंचभरच हलते, पण झालर तो इंच घेऊन चौपट करते, आणि शेवटच्या रांगेतल्या आजींनाही झटका बरोबर कुठे बसला ते दिसतं. झालरीची लांबी तिने आरशासमोर हलून हलून ठरवलेली असते.

टाळ्या होतात. बाहेर कोणी हात धरून म्हणतं, ‘काय सुंदर नाचलात!’

‘नाचतात हो सगळ्याच,’ ती म्हणते आणि त्या अनोळखी बाईला भिंतीकडे ओढून नेत पट्ट्याचा हूक काढते. ‘हे बघा, अस्तर. एकही टाका बाहेर नाही.’