भागीदारी म्हणे!

"काकू, ऐकलंत का? ती रक्त तपासणारी शहरातली मंडळी शनिवारी परत येणारेत. आपल्या बचत गटाला म्हणे भागीदार करून घेणार."

"भागीदार? मागच्या खेपेला बोटं टोचून घेतली आम्ही, वर चहा पाजला. पण कुणाचं हिमोग्लोबिन किती, ते सांगितलं का कुणी? यंदा आधी विचारा, पैसा किती आलाय, गटाच्या वाट्याला काय, आणि बायांची मजुरी बुडते ती कोण देणार."

"अगंबाई, असं विचारतात होय डॉक्टरांना!"

"माझ्या माहेरी विचारतात. उस्मानाबादला, म्हणजे आताच्या धाराशिवला. २००७ साली पाच जिल्ह्यांत सरकारी दवाखान्यांवर लोकांची देखरेख सुरू झाली, त्यातला तो एक. औषधं बाहेरून आणायला लावतात का, बाळंतपणाला पैसे मागतात का, सगळं गावानं नोंदवायचं आणि आरोग्य केंद्राचं प्रगतिपत्रक भरायचं. मग जनसुनावणी. अधिकारी समोर बसलेले आणि माईकवर आमची भावजय! घरात सासऱ्यांपुढं तोंड उघडत नाही ती."

"डॉक्टर चिडले असतील."

"चिडले की. पण पुढं ऐक. तिथंच सिस्टर उठली नि म्हणाली, क्वार्टरला पाणी नाही, मी मुक्कामाला राहू कशी? गावाला ठाऊकच नव्हतं गं. मग तिच्या नळासाठी गावच वर भांडलं. तेव्हापासून ती आमच्या बायांना धरून असते."

"नुसता दवाखान्याचा हिशेब मागितला असता, तर ती बोललीच नसती."

"तेच तर! आणि गडचिरोलीला बंग डॉक्टर नवरा-बायकोंनी दवाखाना आदिवासींना विचारून बांधला. मोठी इमारत नाही, झोपड्यांसारखी घरं, बरोबरच्या माणसांना राहायची सोय, नाव माँ दंतेश्वरीचं. इथं आपल्याला कुणी विचारलं?"

"आपली गावची आरोग्य समिती आहे ना?"

"आहे की! वर्षाला १०,००० रुपयांपर्यंत निधी असतो तिला. कुठं जातो, सांग बघू."

"मला काय माहीत?"

"सदस्य तू आहेस, मला विचारतेस? ग्रामपंचायतीतल्या यादीत नाव वाचलं मी तुझं."

"माझं? मला न विचारता?"

"सही पण असेल एखादी! म्हणून सांगते, शनिवारी तू बोल. तपासणीचा कागद ज्या त्या बाईच्या हातात, आणि काय विचारायचं, कशाला विचारायचं, ते आमच्यासोबत बसून ठरवायचं. हे लिहून दिलं तरच पुढं."

"आशाताईला सांगूया की बोलायला."

"नको गं. तिचा मोबदला दवाखान्याच्याच कागदावर निघतो. ती बोलली तर तिचीच पंचाईत."

"बरं, बोलते मी. पण आधी त्या यादीची झेरॉक्स आणा. सही कुणी ठोकलीय ते बघू दे मला."