बाहेरचं सामान

परळी तालुक्यात नवी वस्तू घ्यायला दसऱ्याचा मुहूर्त लागतो आणि जुनी दुरुस्त करायला दसऱ्याचा आदला दिवस. त्यामुळे नवरात्र संपता संपता आमच्या धर्मापुरीत वेल्डिंगच्या दुकानापुढं ट्रॉल्यांची जी रांग लागते, तशी रेशनलासुद्धा लागत नाही. मुकादमाकडून ऊसतोडीची उचल मिळालेली असते, कारखान्यांचे बॉयलर पेटल्याच्या बातम्या पेपरात यायला लागलेल्या असतात. पाडव्यापासून बाभळीखाली पडलेल्या ट्रॉलीकडं मालकाचं लक्ष जातं ते तेव्हा.

आमची ट्रॉलीही रांगेत होती. मिस्त्रीनं तिच्याभोवती एक चक्कर मारली आणि एकेका जागी बोट ठेवत गेला. फाळक्याच्या बिजागऱ्या झिजून निम्म्या झालेल्या. कडीच्या जागी बांधायची तार. हुकाची पिन तर ट्रॉलीची नव्हतीच, कुणाच्या तरी नांगराची होती. मागच्या लाल दिव्याची काच फुटलेली आणि आत कुंभारीण माशीनं मातीचं घर बांधलेलं, चांगलं दोन खोल्यांचं.

"मालक, भाडेकरू काढायचा का ऱ्हाऊ द्यायचा?" मिस्त्रीनं विचारलं.

तेवढ्यात अमेरिकेतल्या पुतण्याचा व्हिडिओ कॉल आला. त्यानं मिनेसोटात मोटारीमागं ओढायची फायबरची जुनी घरगाडी घेतलीय. "काका, माझंही तेच चाललंय. बाहेरचं सगळं सामान बदलतोय," म्हणत त्यानं कॅमेरा गाडीवर फिरवला. पांढरं अंडं आडवं ठेवावं तशी गाडी. वरचं कवच वेगळं, खालचं वेगळं, आणि दोन्ही कमरेशी जोडलेली. जोडावर पट्टी, ती उन्हानं तडकलेली. दाराच्या बिजागऱ्या ढिल्या, छतावरच्या झरोक्याचं झाकण फुटलेलं, रिव्हेटवरच्या प्लॅस्टिकच्या टोप्या गळून पडलेल्या.

पुतण्या उत्साहानं इतिहास सांगायला लागला. असली गाडी 1968 साली कॅनडातल्या विनिपेगमध्ये रे ओलेको नावाच्या माणसानं काढली. त्याआधी तो फायबरची सेप्टिक टाकी बनवायचा. टाकी हलकी आणि मजबूत झाली, मग याच मालाची घरगाडी का नको, असं त्याच्या डोक्यात आलं. गोल टोपीसारखी दिसते म्हणून त्या टोपीवरूनच तिचं नाव बोलर ठेवलं.

मिस्त्रीनं काळा चष्मा कपाळावर चढवला. "म्हंजी ही मान्सं संडासाच्या टाकीत ऱ्हायला गेली व्हय?"

पुतण्या जरा गप्प झाला. मग त्यानं सांधे बुजवायचा विषय काढला. फटीत सिलिकॉन कधीच भरायचं नाही, कारण त्याचा थर बसला की त्यावर पुढं दुसरं काहीच चिकटत नाही. ब्युटाइलची टेप लावायची. रिव्हेट काढताना भोक मोठं होऊ द्यायचं नाही. आत एक थेंबही जाता कामा नये.

"आमच्याकडं त्याची चिंता न्हाई," मिस्त्री म्हणाला. "वरून गेलेलं पाणी खालून निघून जातंय."

गळतीचं दुःख व्हायला आधी डोक्यावर छप्पर लागतं. आमच्या ट्रॉलीला ते नाही, तरी अर्ध्या वर्षाच्या प्रवासाला निघते तीच. तिच्यात ज्वारीची पोती, चूल, कोपीचे बांबू, ताडपत्री, कोंबड्या, एखादी शेळी आणि या सगळ्याच्या वर नातवाला मांडीवर घेऊन बसलेली आजी, असं बिऱ्हाड सांगली-कोल्हापूर नाहीतर कर्नाटक गाठतं. तिथं माणसं खाली उतरतात आणि ट्रॉलीत ऊस चढतो. उसाला पत्र्याची गाडी मिळते, माणसाला पाचटाची कोपी.

बाहेरचं सामान किती टिकावं, हे बघायचं तर पुतण्यानं आमच्या केदारेश्वराच्या देवळाकडं बघावं. चालुक्यांच्या काळातलं देऊळ. बाहेरच्या भिंतीवरच्या सुरसुंदरी आठ-नऊशे वर्षं ऊन-पाऊस झेलत उभ्या आहेत. रिव्हेट नाही, ब्युटाइल नाही. झीज झाली, पण कुणी तारेनं बांधलेलं नाही. अर्थात त्या देवळाला दरसाल कोल्हापूरला जावं लागलेलं नाही, हेही धरलं पाहिजे.

संध्याकाळपर्यंत बिजागऱ्या बसल्या, पिन नवी आली, रेड ऑक्साइडचा हात फिरला. मग आला पेंटर. दुरुस्तीच्या खर्चाला कुरकुरणारे मालक पेंटरपुढं एकदम उदार होतात. पुढच्या फाळक्यावर 'आई-वडिलांचा आशीर्वाद', बाजूला दोन मोर, मागं पोरांची नावं, वर गोंडे. आमच्या पुढच्या ट्रॉलीवर तर सिंहही होता, फक्त तो जरा बोक्याकडं झुकला होता. एवढं झाल्यावर मिस्त्रीनं विचारलं, "रेडियम?" त्यावर रांगेतला एक मालक म्हणाला, "ऱ्हाऊ द्या की, अंधारात कोण बघतंय?"

अंधारातच तर बघायचं असतं! एका ट्रॅक्टरमागं दोन ट्रॉल्या, त्यात ऊस असा रचलेला की वाढ्यांचे शेंडे मागं लोंबतात आणि दिवा असला तरी झाकून टाकतात. कारखान्याच्या रस्त्यावर हिवाळ्याच्या रात्री अशी ट्रॉली पंक्चर होऊन उभी असली, की मागून येणाऱ्या मोटारसायकलवाल्याला ना मोर दिसतो ना सिंह. तो थेट उसातच जातो. पुतण्याच्या गाडीचं बाहेरचं सामान आतल्या माणसाला कोरडं ठेवतं. आमच्या ट्रॉलीचं बाहेरचं सामान बाहेरच्या माणसाला जिवंत ठेवतं.

तेव्हा ट्रॉलीमालकहो, यंदा पेंटरला थोडं थांबवा. पुढं पांढरं, बाजूला पिवळं आणि मागं लाल रेडियम आधी लावा, तेही वाढ्यांखाली झाकणार नाही अशा जागी. मोराला काही घाई नसते.